कागदावर शेळी, घरावर पत्रा

आमच्याकडं गावाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. काळीत पिकतं, पांढरीत माणूस राहतं. काळीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. दुष्काळ, कर्ज, भाव, आंदोलनं, सगळं लिहून झालं. पांढरीतली घरं कशी बदलली याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. कुणाचंही घर दाखवून विचारा, हे कुणी बांधलं? उत्तर ठरलेलं असतं. बापानं बांधलं, थोरल्यानं बांधलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. गेल्या तीस वर्षांत आमच्या गावातली कितीतरी घरं बायांनी महिन्याला दहा-वीस रुपये साठवून, त्यावर कर्ज काढून, एकेक पत्रा घालून नीट केली. याची नोंद ग्रामपंचायतीत सापडणार नाही. ती बायांच्या गटाच्या वह्यांत आहे. पहिली काही वर्षं त्या वह्या मी लिहिल्या, कारण गटात चौथीच्या पुढं शिकलेली कुणी नव्हती आणि मी दहावीपर्यंत शिकलेला होतो. म्हणून हे सांगायचा थोडा हक्क माझ्याकडं येतो.

आमचं गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, लातूरच्या शिवेला आहे. या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती. आत लाकडाचे खांब, खांबावर तुळया, तुळयांवर लाकडाच्या चिपा, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर. घर केवढं ते खणावर सांगायचं, पाच खणाचं, सात खणाचं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण मृग निघायच्या आधी दरवर्षी वर नवी पांढरी टाकावीच लागायची. नाही टाकली की घर गळायचं. टाकत गेलं की थर वाढायचा आणि खालच्या लाकडावर ओझं वाढायचं.

हे झालं ज्यांचं बरं होतं त्यांचं. ज्यांना रान नव्हतं, त्यांचं घर तुराट्यांच्या कुडाचं. वर पाचट नाहीतर गवत. कुडाला आतून-बाहेरून शेणमातीचा गिलावा. एका पावसाळ्यात गिलावा धुऊन जायचा आणि तुराट्यांच्या फटीतून वारा, साप, विंचू सगळेच आत यायचे.

माळवद असो की कूड, त्याची राखण बायांच्या अंगावर होती. पांढरी खणायला गडी असायचा, पण टोपल्यानं डोक्यावर वाहायची बाई. भिंत लिंपायची बाई, जमीन सारवायची बाई, रात्री पाऊस आला की गळतीखाली भांडी मांडत बसायचीही बाई. माझ्या आईला तर घरातल्या सगळ्या गळत्या तोंडपाठ होत्या. अंधारातसुद्धा ती बरोबर जागेवर घागर ठेवायची. घर आजोबांच्या नावावर होतं.

आता पैशाचं. पिकाला सोसायटीचं कर्ज मिळायचं, ते सातबारा बघून. सातबारा गड्याच्या नावावर. घराला कर्ज देणारं कुणीच नव्हतं. गावठाणातल्या घराला बँकेत चालेल असा कागदच नव्हता. सावकार द्यायचा, पण लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला. घराच्या डागडुजीसाठी व्याजानं पैसे काढणं म्हणजे लोकांना चैन वाटायची. बाई काढायची ते फार तर अंगावरचं डोरलं गहाण ठेवून, तेही नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या हातानं.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. तेव्हा आमच्या गावच्या बाया पहिल्यांदा एवढ्या संख्येनं सरकारी कामावर गेल्या, खडी फोडायला आणि रस्त्यावर माती टाकायला. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि एकाच कामाला बाईला आणि गड्याला एकच मजुरी मिळू लागली. बाईच्या हातात रोख पैसा पडू लागला. पण ठेवायचा कुठं? उतरंडीच्या खालच्या गाडग्यात, डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत. घरात माणसाची नजर गेली की तो पैसा गेला. त्यामुळं बायांच्या पैशातून घराला काही लागलं असेल तर एखादं भांडं किंवा एखादी कडी. छपराला पुरेल एवढा पैसा एका जागी कधी जमायचाच नाही.

मग आला ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या आत सगळं झालं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. जवळपास आठ हजार माणसं गेली. ज्या माळवदाचं आम्हाला कौतुक, त्याच मातीच्या थरानं आणि दगडांच्या भिंतींनी झोपलेल्या माणसांवर घाला घातला. ५२ गावं नव्यानं वसवावी लागली. आमचं गाव त्यात नव्हतं. आमच्याकडं भिंतींना भेगा पडल्या, कोपरे सुटले, काही घरं बसली. पण माणसाच्या मनातून माळवद गेलं ते गेलंच. पुढची दोन वर्षं कितीतरी लोक अंगणात, पत्र्याच्या शेडात झोपत होते. घरात धान्य आणि बाहेर माणसं.

५२ गावांना नवीन घरं मिळाली. आमच्यासारख्या शेकडो गावांना 'दुरुस्ती आणि मजबुतीकरण' आलं. जागतिक बँकेच्या पैशाचा तो कार्यक्रम होता. घरमालकाला हप्त्याहप्त्यानं रक्कम मिळायची आणि त्यानं आपलं घर आपण नीट करायचं. कसं करायचं हे सांगायला इंजिनियर यायचे, पण लोक त्यांचं ऐकून घ्यायचे आणि आपल्या मनासारखं करायचे. पैसे आले की कुणी आधी पुढची भिंत सिमेंटनं सजवायचा, आतली भेग तशीच. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळातल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. बायांनी घरोघर जाऊन सांगायचं की माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घाला, कोपरे बांधून घ्या, दारा-खिडक्यांच्या वर सिमेंट-सळईचा पट्टा फिरवा, खांबाला आणि तुळईला तिरपे टेके द्या.

आमच्या गावात या कामाला ज्या दोघी होत्या त्यातली एक माझी चुलती. काकूला सही येत नव्हती. पण दोन महिन्यांत ती गवंड्याला विचारायला लागली, "आरपार दगूड किती घातलास? दाखव." गवंडी आधी हसला. नंतर ती येताना दिसली की दगड मोजून ठेवायला लागला. घर कशानं पडतं आणि कशानं टिकतं हे ज्ञान बायांकडं पहिल्यांदा उघडपणे आलं. सारवण-लिंपण करून त्यांना भिंतीची नाडी आधीही कळत होती, पण त्यांना विचारत कोण होतं? माझ्या मते आमच्या भागातल्या घरांच्या इतिहासात हा मोठा वळणबिंदू आहे.

त्याच मंडळांतून पुढं बचत गट निघाले. सगळीकडंच ते वारं होतं. नाबार्डनं १९९२ साली देशभरात ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला होता. आपल्याकडं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासूनचं. राजगुरुनगरला सुधा कोठारींच्या 'चैतन्य' संस्थेनं गटांचे संघ बांधायला सुरुवात केली होती. आमच्या गावात पहिला गट भूकंपानंतर तीन-चार वर्षांनी झाला. बारा बाया, महिन्याला दहा रुपये. पुढं वीस झाले. महिन्याच्या एका ठरलेल्या रात्री, जेवणं झाल्यावर, काकूच्या ओसरीवर बैठक. पत्र्याची एक पेटी, तिला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडं आणि पेटी तिसरीच्या घरात. वही माझ्याकडं.

वहीत रकाने होते. नाव, बचत, कर्ज, कारण, व्याज, हप्ता, शिल्लक. 'कारण' हा रकाना मला फार शिकवून गेला. पहिल्या वर्षी त्यात काय असायचं? दवाखाना, बी-बियाणं, माहेरचं लग्न, पोराची फी. दुसऱ्या वर्षीपासून मात्र एक गोष्ट दिसायला लागली. मे महिना आला की कारण बदलायचं. 'पत्रा २ नग', 'पत्रा ३ नग', 'बांबू', 'ताडपत्री'. एप्रिल-मेमध्ये दवाखाना सोडला तर दुसरं काही नसायचं. मृगाच्या आधी ज्याचं त्याला छप्पर बघायचं असायचं.

व्याजाचा हिशेब सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. गटाचं व्याज महिना शेकडा २, आणि ते शिल्लक राहिलेल्या रकमेवर. १,००० रुपये घेतले आणि दहा हप्त्यांत फेडायचे ठरले तर पहिल्या महिन्याला व्याज २० रुपये, दुसऱ्या महिन्याला १८, तिसऱ्याला १६, असं करत शेवटच्या हप्त्याला २. सगळी बेरीज ११० रुपये. सावकाराचा दर शेकडा ५, आणि मुद्दल पूर्ण येईपर्यंत व्याज पूर्ण रकमेवर. त्याचे दहा महिन्यांचे ५०० व्हायचे. शिवाय गटाचे ११० रुपये पेटीतच राहायचे, म्हणजे ज्या बाईनं व्याज भरलं तिचाही त्यात वाटा. हे गणित बायांना समजावून सांगायची वेळ आलीच नाही. मी पेन्सिल काढायच्या आत त्यांचं तोंडी झालेलं असायचं.

कर्ज लहान होतं याचाही एक फायदा होता. हजार-पाचशेच्या कर्जात अख्खं घर होत नाही, पण घराचा एक तुकडा होतो. बायांनी घर तुकड्या-तुकड्यानंच केलं. एका वर्षी चार पत्रे. ते फिटले की पुढच्या वर्षी आणखी चार. पत्र्यावर दगड ठेवून दोन पावसाळे काढायचे, मग आकडे मारायचे, मग भिंत उचलायची. भिंत पक्की करताना पत्रा उतरवून पुन्हा घालता येतो, वाया जात नाही, हे त्यांनी आधीच ताडलेलं असायचं. अडीनडीला पत्रा विकताही येतो. मातीच्या थराला कोण पैसे देणार?

आणि घर सुधारायचा बायांचा क्रम वेगळा होता. हे मी वहीवरून सांगतो. गड्याच्या हातात पैसा आला की तो पुढून सुरुवात करायचा. ढेळज, पुढची भिंत, रंग, दारावर नाव. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. बायांच्या वहीत पहिलं छप्पर. दुसरं दार, आतून कडी लागणारं. तिसरी न्हाणी. चौथी शहाबादी फरशी, आमच्याकडं ती जवळून येते म्हणून स्वस्त. मग विजेचं मीटर, आणि बऱ्याच उशिरा संडास.

न्हाणीचं जरा सांगायला हवं. लुगड्याचा आडोसा करून, पहाटे अंधारात किंवा रात्री, बाई अंघोळ करायची. पावसाळ्यात त्याचीही चोरी. एका वहिनीनं गटातून ७०० रुपये घेतले, कारण लिहा म्हणाली 'भिंत'. कुठली भिंत विचारलं तर बोलेना. शेजारची म्हातारी म्हणाली, "आरं लेकरा, न्हाणीची. लिही की. लाजायचं काय त्यात?" तीन बाजूंनी चार-चार फुटांची भिंत, खाली दोन फरश्या, एवढंच काम. त्या वर्षी त्या गल्लीत तशा पाच न्हाण्या झाल्या. त्याचा फोटो कुणी काढला नाही, उद्घाटन झालं नाही. पण गावातल्या सासुरवाशिणींना विचारा, घर कधी सुधारलं? त्या न्हाणीपासून मोजतात.

गट जुना झाला, बचत वाढली, तसं बँकेचं कर्ज आलं. इथं अडचण उभी राहिली. बँकेला घर चालत नव्हतं. बँकेचा आणि सरकारी योजनांचा सगळा भर उत्पन्न देणाऱ्या धंद्यावर. १९९९ मध्ये स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजना आली, तिच्यातही तेच. गट तपासायचा, श्रेणी द्यायची, मग धंद्यासाठी कर्ज आणि सबसिडी. म्हैस चालेल, शेळी चालेल, पापड चालेल, शिलाई मशीन चालेल. घराचा पत्रा म्हणजे खर्च. खर्चाला कर्ज नाही.

मग जे व्हायचं ते झालं. कागदावर शेळी आली आणि घरावर पत्रा चढला. ही गोष्ट एकट्या आमच्या गावची नाही, गटांमध्ये वावरलेल्या कुणालाही विचारा. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी गावातल्या त्याच चार शेळ्या तीन दारांत बांधलेल्या असायच्या. साहेबही काही दुधखुळे नव्हते. एकदा एका साहेबांनी शेळीकडं बघता बघता मान वर केली आणि म्हणाले, "शेळी चांगली चमकायलीय." नवीन पत्र्याकडं बघत होते. हप्ते वेळेवर होते म्हणून ते चहा पिऊन गेले.

शिकलेली माणसं याला कर्जाचा गैरवापर म्हणतात. मी यावर पुष्कळ विचार केला. काकूनं एका बैठकीत सांगितलं ते मला पटलं. ती म्हणाली, "घर गळायलंय. शेळी घेतली तर बांधू कुठं? माझ्या डोक्यावर?" मग तिनं बोटावर मोजलं. मागच्या पावसात दोन पोती ज्वारी भिजून कुजली. नातू आठ दिवस तापानं पडला, त्याला दवाखाना. त्याच्यापायी सुनेची आठ दिवसांची मजुरी बुडाली. सरपण भिजलं. गळती पुसण्यात झोप गेली आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला उशीर झाला म्हणून मुकादमानं अर्धा रोज कापला. "हे सगळं धर आणि सांग, पत्र्यानं कमाई होती का न्हाई?"

खेड्यातल्या बाईचं घर हेच तिचं गोदाम, तिचा गोठा, तिचा कारखाना. शिलाई मशीन कोरड्या जागी ठेवावं लागतं. पापड वाळवायला स्वच्छ फरशी लागते. शेरडं-करडं रात्री माणसांबरोबर आतच असतात. घर कोरडं झालं की हे सगळे धंदे सुरू होतात, नाहीतर कागदावरच राहतात. आमच्या गटातल्या ज्या बायांनी आधी छप्पर केलं आणि दोन वर्षांनी खरोखर शेळी घेतली, त्यांच्या शेळ्या टिकल्या. कुडातल्या घरात ज्यांनी योजनेच्या नियमानं आधी शेळी घेतली, त्यांच्यातल्या काहींची करडं पहिल्याच पावसाळ्यात गेली आणि कर्ज मात्र राहिलं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचीही अशीच गोष्ट आहे. चेतना सिन्हा यांनी ती अनेक व्यासपीठांवर सांगितली आहे. माण तालुका म्हणजे आमच्यासारखाच कोरडा. तिथं रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई होती. तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. बँकेनं एवढ्या लहान रकमेचं खातं उघडायला नकार दिला. पैसे कशाला साठवायचे होते? पावसाळ्याच्या आत प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, डोक्यावर घालायला. तिथून बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला, कारण अर्जदार बाया निरक्षर. बाया लिहा-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या. म्हणाल्या, वाचता येत नव्हतं, पण व्याज काढता येतं, तुमच्या साहेबांनी यंत्राशिवाय काढून दाखवावं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मूळ शोधत गेलं तर त्या बँकेच्या मुळाशी एक गळकं छप्परच सापडतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख गटांची जाहिरात होईल.

पुढच्या काळात खाजगी कंपन्या आल्या. त्यांच्याकडं कर्ज लवकर मिळायचं. कागद कमी, बचतीची अट नाही, पाच बाया एकमेकींना जामीन. काहींचं व्याज सांगताना १२ टक्के सांगायचे, पण ते वर्षभर पूर्ण रकमेवर. हप्ता दर आठवड्याला फिटत जातो, मुद्दल कमी होत जातं, व्याज मात्र पहिल्या रकमेवरच. नीट हिशेब केला तर ते दुपटीच्या आसपास पडतं. गटाचा हप्ता महिन्यानं, बाजार आणि मजुरी बघून. कंपनीचा हप्ता ठरलेल्या दिवशी सकाळी, पाऊस असो की मयत. २०१० मध्ये आंध्रात या धंद्याचा मोठा गोंधळ झाला, रिझर्व्ह बँकेला नवे नियम करावे लागले, हे वाचकांना आठवत असेल.

तोवर गावात पत्र्याचं कौतुक संपून स्लॅबचं वेड आलं होतं. पत्रा तुकड्यानं होतो, स्लॅब एका दिवसात पडतो. सिमेंट, सळई, वाळू, सेंट्रिंग, सगळा पैसा एकदम लागतो. त्याला गट पुरत नव्हता. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं तीन कंपन्यांचं कर्ज एकावर एक घेतलं. स्लॅब पडला. हिरव्या रंगाचं घर झालं, गल्लीत उठून दिसायचं. हप्ते आठवड्यात तीन दिवस. पहिलं वर्ष पहिल्याचं कर्ज दुसऱ्यानं आणि दुसऱ्याचं तिसऱ्यानं फेडत गेलं. मग सोयाबीन गेलं, मजुरी लागेना. शेवटी नवरा-बायकोनं मुकादमाची उचल घेतली आणि कंपन्यांचे पैसे देऊन टाकले. उचल घेतली म्हणजे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं. सहा महिने ती बाई कारखान्याच्या फडात पाचटाच्या खोपीत राहायची आणि गावात तिच्या स्लॅबच्या घराला कुलूप. असे तिनं पाच हंगाम काढले. तिची पोरगी त्या पाच वर्षांत शाळेतून सुटली ती सुटलीच.

तिला कर्जाची हाव होती असं मी म्हणणार नाही. ज्या स्लॅबला सरकार आणि समाज घर म्हणतो, तेच तिला हवं होतं. पण लहान कर्जाची ताकद लहान हप्त्यात असते. महिन्याच्या मजुरीतून जेवढं निघतं तेवढंच घर एका वर्षी करायचं, हा काकूच्या पिढीचा नियम होता. तो मोडला की घर माणसाला गावाबाहेर काढतं.

सरकारी घरकुलाचा इतिहासही याला जोडूनच आहे. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. आमच्या गावाला सुरुवातीला वर्षाला दोन-तीन घरं यायची आणि यादीत नाव लागायला जन्म जायचा. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. सपाट भागात १,२०,००० रुपये, किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं घर. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाला १२,००० रुपये. पैसे हप्त्यानं येतात, जोता झाला की फोटो, भिंत झाली की फोटो, छताचा फोटो. मोबाइलवर फोटो चढला की पुढचा हप्ता. ऐकायला सोपं आहे. पण गवंडी फोटोसाठी थांबत नाही, वाळूवाला तर मुळीच नाही. हप्ता येईपर्यंतची जी महिना-दोन महिन्यांची खिंड असते, ती कोण भरून काढतं? पुन्हा बायांचा गटच. 'उमेद' अभियान २०११ पासून आलं, गावोगाव ग्रामसंघ झाले. आमच्या ग्रामसंघाच्या वहीत 'घरकुल, हप्ता येईपर्यंत' असं कारण आता सर्रास दिसतं. ज्या घरात गट नव्हता, तिथं कितीतरी घरकुलं जोत्यावर नाहीतर लिंटलवर थांबलेली मी पाहिली. त्या भिंतींवर गवत उगवलं.

शेवटचा मुद्दा नावाचा. घराला बाईनं पैसे लावले, हप्ते तिनं फेडले, पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव कुणाचं? शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती. नवऱ्यानं आपल्या रानाचा वाटा राजीखुशीनं बायकोच्या नावावर करायचा. काही गावांनी तो केलाही. पुढं घर दोघांच्या नावावर लावायचे सरकारी आदेश निघाले. घरकुलात तर बाईचं किंवा दोघांचं नाव लावायचं हे धोरणच आहे. पण जुन्या घरांचं काय? बांगलादेशात ग्रामीण बँकेनं १९८४ पासून घरासाठी कर्जं दिली. चार सिमेंटचे खांब, पत्र्याचं छप्पर, संडास, एवढं त्यात व्हायचं. या कामाला १९८९ साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. त्या कर्जाची एक अट मला फार महत्त्वाची वाटते. कर्ज बाईच्या नावावर, तर घराखालची जागाही तिच्याच नावावर पाहिजे. नवऱ्यानं आधी जागा लिहून द्यायची, मग पैसे.

आमच्याकडं अशी अट कुणी घातली नाही. पण आमच्या गटानं एक केलं. काकूच्या हट्टानं, घरासाठी मोठं कर्ज घेणाऱ्या बाईनं आधी नमुना आठवर दोघांचं नाव लावून आणायचं असं ठरलं. त्यावरून घरोघर भांडणं झाली. एक जण तर वहीसकट मला मारायला धावला. तरी आठ-दहा जणींची नावं लागली.

त्यातल्या एकीचा नवरा चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. तेराव्यानंतर दिरानं सुचवलं, वहिनी, तुम्ही लेकरं घेऊन माहेरी राहा, घर आम्ही बघतो. घर बघतो म्हणजे काय ते तिला कळत होतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गटातल्या दोघींना घेऊन ग्रामपंचायतीत गेली आणि नमुना आठचा उतारा घेऊन आली. त्यात तिचं नाव होतं. दिरानं तो वाचला, परत दिला आणि पुन्हा विषय काढला नाही. आज ती त्याच घरात आहे. मोठा मुलगा आयटीआयला जातो. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे, वर पत्रा आहे, खाली शहाबादी फरशी. हे सगळं कर्ज तिनं गटातून घेतलेलं, मी वहीत लिहिलेलं.

एवढ्या वर्षांच्या वह्या बघून मला दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. एक, गटाच्या बँक कर्जात 'घरदुरुस्ती' हे कारण उजळ माथ्यानं लिहिता यावं, वीस-तीस हजारांपर्यंत, महिन्याच्या हप्त्यानं. बाईला शेळीचं सोंग कशाला घ्यायला लावता? दोन, जुन्या घरालाही बाईचं नाव लावायची मोहीम गावोगाव निघावी, आणि ते काम ग्रामसंघाकडं द्यावं. आरपार दगड मोजणाऱ्या बायांना उतारे मोजणं काही जड नाही.

आणि एक विनंती वाचकांना. गटांचा हिशेब आता मोबाइलवर जाऊ लागला आहे. चांगलंच आहे. पण आपल्या आईच्या, सासूच्या, चुलतीच्या गटाच्या जुन्या वह्या घरात असतील तर रद्दीत घालू नका. आमच्या पहिल्या दोन वह्यांना वाळवी लागली, बाकीच्या मी पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवल्या आहेत. गावातलं कुठलं घर कुणी बांधलं हे पुढं कुणी विचारलं, तर खरं उत्तर द्यायला त्या कामाला येतील.